६५ लिटरवरून ४५ वर: माझ्या सॅकची वर्षभराची नोंद

जून, राजगड

गुंजवण्याकडून चढणाऱ्यांना चोरदरवाजा ठाऊक असतोच. शेवटच्या कातळावर रेलिंग धरून वर यायचं आणि त्या बुटक्या दारातून वाकून आत शिरायचं. मी वाकलो. डोकं आत गेलं, खांदे आत गेले, सॅक मात्र बाहेरच. वर आडवी बांधलेली मॅट दोन्हीकडून दगडाला टेकली होती. मागे खोळंबलेल्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "अहो, संसार घेऊन निघालात काय? उतरवा तो आधी." उतरवला. आधी संसार ढकलला, मग मी गेलो.

संसार ६५ लिटरचा. हिमालयातल्या एका ट्रेकसाठी घेतला होता, आणि एवढे पैसे घातलेत तर वापरू, म्हणून नंतर सगळीकडे तोच. सॅक मोठी असली की भरली जातेच. जागा दिसते, मग दुसरा स्वेटर जातो, तिसरी मोज्यांची जोडी जाते, 'असू दे' म्हणून एक चादर जाते.

घरी येऊन सगळं फरशीवर ओतलं आणि त्या दिवशी हात लागलेल्या वस्तू बाजूला काढल्या. रंगकामातली २० लिटरची रिकामी बादली गॅलरीत होती, तिच्यात त्या वस्तू टाकल्या. बादली भरली नाही.

ऑगस्ट, तोरणा

मित्राची ३० लिटरची हलकी सॅक मागून आणली. वेल्ह्याकडून चढलो. पाठीवर काही आहे असं वाटतच नव्हतं. मी तर जिंकल्याच्या थाटात होतो.

पावसाने मात्र एक गोष्ट शिकवली. डोंगराच्या धारेवर वारा सुटला की रेनकव्हर फुग्यासारखं फुगतं आणि उडायला बघतं. ते टिकलं तरी मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅकच्या मधून खाली उतरतं. तिथे कव्हर नसतंच, सॅक तिथूनच भिजते. आता मी आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालतो, सामान तिच्यात, तोंड पिळून गाठ. बाहेरून सॅक चिंब झाली तरी आतला टॉवेल कोरडा. कव्हर घरीच राहतं.

डिसेंबर, मुळशी

जिंकल्याचा थाट इथे उतरला.

मुळशीकडे मित्राचं शेत आहे. तिथे एक रात्र ताडपत्री ताणून राहायचं, पडीक वाळलेल्या लाकडांवर चूल पेटवायची, खिचडी करायची, असा बेत. (हे सगळं मालकाच्या परवानगीने, त्याच्या जमिनीवर. वनखात्याच्या हद्दीत चूल पेटवायची नाही. आणि सॅकला बाहेर कोयता लटकवून पुण्यातल्या बसमध्ये चढायचे दिवस तर केव्हाच संपले. तो मी शेतावरच ठेवून दिला आहे.)

सॅक तीच, ३० लिटरची. एकच रात्र तर आहे! सॅकच्या तळाशी स्लीपिंग बॅग कोंबली आणि सॅक जवळपास निम्मी संपली. मग मॅट बाहेर, ताडपत्री बाहेर, पातेलं बाहेर. डांबरी रस्ता सोडून टेकाड ओलांडताना कारवीच्या दाट रानातून वाट होती. दर दहा पावलांवर काहीतरी अडकायचं. पातेलं पाठीवर घंटेसारखं वाजत होतं, आणि उतारावर ताडपत्रीची वळकटी एकीकडे झुकली की मीही तिकडेच झुकायचो. रात्र मात्र छान गेली. थंडी सणकून होती, खिचडी खाली लागली होती, कुणी तक्रार केली नाही.

परत आल्यावर पुन्हा बादली. तळापासून २० लिटरपर्यंत खुणा केल्या आणि एकेक वस्तू दाबून बसवत मोजली. स्लीपिंग बॅग १२ लिटर. ताडपत्री आणि दोऱ्या ४. गरम कपडे ६. पातेलं ५, पण ते रिकामं न्यायचंच नाही, डाळ-तांदूळ त्याच्यातच. बाकी खाणं ३, पाणी ३, हेडटॉर्च-प्रथमोपचार-काडेपेटी वगैरे २. बेरीज ३५. मॅट बाहेरच राहणार, ती धरलेली नाही. मी हे ३० मध्ये बसवायला निघालो होतो.

या आकड्यांत मला सगळ्यात नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. दोन रात्री राहायचं ठरवलं तर काय वाढतं? दीड-दोन लिटर खाणं. बस. स्लीपिंग बॅग तीच, पातेलं तेच. आणि हीच एक रात्र एप्रिलमध्ये असती, तर स्लीपिंग बॅगेच्या जागी एक चादर आली असती आणि १२ चे ३ झाले असते. 'एक दिवसाला ३० लिटर, दोन दिवसांना ५०' हे गणित आपण सगळेच एकमेकांना सांगतो, मीही कित्येकांना सांगितलंय. सह्याद्रीत ते चालत नाही. इथे सॅक ऋतू भरतो.

जानेवारी

नवी सॅक घ्यायची ठरलं. लिटर कळले होते, पाठीचं माप नव्हतं. मान खाली घातली की मागे जे हाड टोचल्यासारखं वर येतं, तिथपासून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंतचं अंतर मोजायचं असतं. आईने शिलाईचा टेप काढला. "सरळ उभा राहा रे, पोक काढू नकोस," म्हणत ४४ सेंटिमीटर सांगितलं. मग बायकोचं घेतलं. माझी उंची पाच फूट नऊ, तिची पाच तीन, आणि तिची पाठ ४३! उंचीचा फरक सगळा पायांत. म्हणजे ती आजवर 'लेडीज' म्हणून आखूड सॅक वापरत होती आणि खांदे दुखतात म्हणून मी तिलाच व्यायाम सुचवत होतो. त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

दुकानात रिकामी सॅक कुठलीही छानच वाटते. म्हणून तांदळाच्या पाच-पाच किलोच्या दोन पिशव्या घेऊन गेलो. दुकानदार म्हणाले, "सॅक घ्यायला आलात की तांदूळ विकायला?" पण भरू दिल्या. आधी सगळे पट्टे सैल सोडायचे. कमरपट्टा कमरेच्या हाडांवर बसवून आवळायचा, पोटावर नाही. मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाकडे जाणारे दोन छोटे पट्टे, शेवटी छातीचा. वजन कमरेवर उतरलं की खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकतं. ४५ लिटरच्या तीन सॅक घालून दुकानाच्या जिन्यावरून चढउतार केली. पहिल्या दोन्हींत कमरपट्टा पोटावर येत होता. तिसरी घेतली.

कंपन्या प्लास्टिकचे छोटे गोळे भरून सॅक मोजतात. माझ्याकडे गोळे नव्हते, म्हणून चुरमुरे आणले. आत कोरी पिशवी घालून बादलीने मोजत भरले: मुख्य कप्पा ३८, वरचा कप्पा ४, बाजूचे जाळीचे खिसे मिळून ३. म्हणजे ४५ खरे, पण पावसापासून सुरक्षित फक्त ३८. ३५ च्या सामानाला तेवढे पुरतात. त्यानंतर आठवडाभर आमच्या मजल्यावर भडंग, भेळ आणि पुन्हा भडंग.

जुनी ६५ वाली माळ्यावर गेली. आईने तिच्यात गोधड्या भरल्यात.

एप्रिल, राजगड ते तोरणा

राजगडाच्या संजीवनी माचीकडून उतरून धारेने तोरण्याच्या बुधला माचीकडे जायचं. उन्हात या वाटेवर पाण्याचा भरवसा नाही, म्हणून मी माझं पाच लिटर घेतलं. पाच लिटर म्हणजे पाच किलो. जागा थोडी, वजन मात्र भरपूर. सगळं मिळून दहा किलो. सॅक निम्मी रिकामी होती, पण बाजूचे पट्टे आवळून चपटी केली. पाणी पाठीला चिकटून, खांद्यांच्या मधोमध ठेवलं. तळाशी ठेवलं तर सॅक खाली ओढते, बाहेरच्या बाजूला ठेवलं तर मागे. बुधल्याच्या शिडीवर हात मोकळे आणि तोल जागेवर होता.

याच दहा किलोंसाठी मित्राने त्याची ३० लिटरची आणली होती. तिला कमरपट्टा म्हणजे नुसती नाडी. तोरण्यावर टेकलो तेव्हा त्याच्या दोन्ही खांद्यांवर लाल वळ होते. लिटर त्याचेच बरोबर होते, माझे जास्त. तरी उतरताना त्याने दोन वेळा माझी सॅक 'जरा बघू' म्हणून मागितली, आणि वेल्ह्यापर्यंत काही परत केली नाही.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. बाजूच्या जाळीतली बाटली चालता चालता काढता येते, पण परत खोचता येत नाही. दर वेळी "अरे, जरा घाल ना," म्हणावं लागतं. बाटली दोरीने खांद्याच्या पट्ट्याला पुढे बांधून पाहतोय. कात्रज-सिंहगडच्या तेरा टेकड्यांवर रात्री ती किती आपटते, ते मेमध्ये लिहितो.