टॅम्पर आणि तलाठ्याचा फेरफार

परवा एका दिवाणी दाव्याचे कागद मराठीत आणताना 'टॅम्पर'पाशी अडले. कुणीतरी दस्ताशी 'टॅम्पर' केलं होतं. हात सवयीनं 'फेरफार' लिहायला गेला आणि थांबला. सातबारा हाताळणाऱ्या कुणालाही विचारा, फेरफार ही रीतसर नोंद, गाव नमुना 6 मधली. वारस लागले, जमीन विकली की फेरफार होतोच. त्यात गैर काही नाही.

'टॅम्पर'मध्ये अधिकार नसताना हात घालणं आहे, तेही बहुधा लपून. त्याच्यामागे 'विथ' लागतंच. हे 'टेंपर'चंच दुसरं रूप. जुना अर्थ माती कालवून मळणं. मला हे फार आवडतं, कारण आत हात घातल्याशिवाय माती मळता येत नाही. इंग्रजीतलं 'मेडल' (meddle, पदक नव्हे) निराळं, ती लुडबुड, चारचौघांत चालते.

1982 मध्ये शिकागो परिसरात टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड भरलं, तेही टॅम्परच. 7 माणसं गेली. औषधाच्या बाटलीवर आज आपण जे सील फोडतो, त्याची सक्ती अमेरिकेत त्यानंतर आली. 2018 मध्ये केपटाऊनला चेंडूवर सँडपेपर घासला गेला, तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी 'छेडछाड' लिहिलं. चेंडूला चालेल. दस्ताला मला ते पटेना. छेडछाड म्हटलं की रस्त्यात अडवलेली मुलगीच डोळ्यांपुढे येते.

शेवटी वकीलबाईंना फोन केला, नक्की काय केलंय? तारखेतल्या 3 चा 8 केलाय, म्हणाल्या. मग 'खाडाखोड' लिहिलं, आणि आधी 'बेकायदा' जोडलं.