टॉर्चच्या सेलची वही : चार महिन्यांनंतरची मोजणी

मागच्या नोंदीत सहा सेलना मार्करने नावं दिली होती : क१-क२, ख१-ख२, ग१-ग२. सगळे 18650 (पुन्हा चार्ज होणारे, नळकांड्यासारखे लिथियम-आयन सेल), 3400 एमएएच क्षमतेचे, संरक्षक सर्किटवाले. पाण्याखाली वापरायच्या माझ्या डाइव्ह टॉर्चमध्ये दोन सेल एकापुढे एक बसतात, म्हणून जोड्या. क आणि ख 3.8 व्होल्टवर आणून खणांच्या प्लास्टिक डबीत ठेवले होते. ग जोडी मात्र टॉर्चमध्येच राहिली. शेवटच्या डाइव्हनंतर टॉर्च गोड्या पाण्यात भिजवली, पुसली आणि "सेल काढू नंतर" म्हणत कपाटात टाकली. ते नंतर आलं चार महिन्यांनी.

गेल्या रविवारी मल्टीमीटर घेऊन बसलो. क आणि ख चौघेही 3.78-3.79, म्हणजे जागचे हललेच नाहीत. ग१ 3.12. ग२ 0.00.

शून्य बघून धस्स झालं. पण असल्या सेलमध्ये शून्य म्हणजे मेलाच असं नाही. व्होल्टेज साधारण अडीचच्या आसपास उतरलं की बुडाशी असलेलं चकतीएवढं सर्किट वाट तोडतं आणि मीटरला बाहेर काहीच दिसत नाही. चार्जरने ढोसून उठवला तर आत 2.46 निघाले. दोनच्या खाली गेलेला असता तर चार्ज करायच्या फंदात पडलो नसतो. तितक्या खोलवर उतरलेल्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा विरघळू लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना तेच तांबं नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

सेल उतरले कशाने ते उघड आहे. स्विच इलेक्ट्रॉनिक असल्याने टॉर्च बंद असतानाही तो थोडा थोडा करंट पीत राहतो. पण दोघांतून करंट तर एकच वाहतो, मग ग२च इतका खाली का?

दोघांना 0.25 अँपिअरवर लावलं, तीन व्होल्ट ओलांडल्यावर 1 अँपिअरवर. 4.2 ला पोचल्यावर करंट हळूहळू कमी होत जातो आणि शेवटचा थोडासा भरणा फार रेंगाळतो. मी तोवर शेजारीच बसून असतो. काढल्यावर दोघेही 4.19, अगदी जुळे भाऊ. इथेच थांबलो असतो तर जोडी पुन्हा पाण्यात गेली असती. तीन दिवस नुसते पडू दिले : ग१ 4.18, ग२ 4.09. चार्जरवर क्षमता मोजली : 3190 आणि 2710. म्हणजे ग२ आतल्या आतच गळतो आणि त्यात मावतंही कमी, म्हणून तोच खाली गेला.

आता एक जुनं कोडं सुटलं. गेल्या हंगामात रात्रीच्या डाइव्हमध्ये ही टॉर्च मंद न होता एकदम विझली होती आणि मी खापर फोडलं स्विचवर. ओ-रिंगही (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) बदलली, वर सिलिकॉन ग्रीस. बिचारी ओ-रिंग! दुबळा सेल आधी संपतो, त्याचं सर्किट वाट तोडतं आणि अंधार होतो. दुसरी टॉर्च जवळ होती म्हणून निभावलं.

ख१च्या वेष्टनाला वरच्या कडेशी नखाएवढी चीर दिसली. जागा वाईट आहे. सेलचं अख्खं नळकांडं ऋण असतं आणि धन टोपी त्या कडेपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर. पांढरी इन्सुलेटर चकती शाबूत होती, म्हणून नवं पीव्हीसी वेष्टन चढवून गरम हवेने आवळलं.

चार्जिंगचे नियम तेच : टॉर्च उघडण्याआधी आट्यांवरचं पाणी पुसायचं, सेल गार होऊ द्यायचे, आणि झोपताना काहीही चार्जिंगला ठेवायचं नाही. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाजवळ 'कन्सेप्शन' ही डाइव्ह बोट रात्री जळाली, 34 जण गेले. आग नेमकी कशाने लागली हे चौकशीत ठरलं नाही, पण राखण नसताना चार्जिंगला असलेल्या बॅटऱ्या ही एक शक्यता धरली गेली. तेवढं मला पुरे आहे.

ग२च्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यासाठी बाजूला काढला. ग१ धडधाकट आहे, पण त्याला नवा जोडीदार देणार नाही, नव्या-जुन्याचं तेच दुखणं पुन्हा होईल. तो एका सेलच्या छोट्या टॉर्चमध्ये जाईल. मोठीसाठी एकाच खेपेतले दोन नवे घ्यायचेत. आल्यावर आधी तीन दिवस पडू देईन, मग आकडे टाकतो.