माडाची फेणी जुन्या साच्यात: दडवलेला बार, बर्फ आणि दुधाचं पंच

मागच्या नोंदीत ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या जुन्या कॉकटेलपाशी थांबले होते. नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच, की माझा खटाटोप जुन्या कॉकटेलांत माडाची फेणी बसवायचा आहे, काजूची नाही. काजूला आता वाली पुष्कळ. बाटल्या चकचकीत झाल्या, २००९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेही काजूच्याच फेणीला. माडाची बिचारी बहुतेक दक्षिण गोव्यात सासष्टीकडच्या भट्ट्यांवर टिकून आहे. माडावर चढून सूर उतरवणारे रेंदेर कमी होत चालले, आणि पोरं त्या कामाला तयार नाहीत. गंमत म्हणजे वयाने हीच थोरली. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं, माड इथे त्याआधीपासून उभा आहे.

तर ओल्ड फॅशन्ड. ६० मिली माडाची, लेबलावर ४२.८ टक्के. ७ मिली माडाच्या गुळाचा पाक. तो काळा, शंकूसारखा गूळ, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मिळतो तो. बिटर्सचे, म्हणजे कडू मसालेदार अर्काचे, दोन शिंतोडे. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. ग्लासात मात्र पहिले घोट मुके लागतात, नुसता थंडगार गोडवा. मग बर्फ वितळतो आणि शेवटी शेवटी फेणीचा सगळा वास एकदम अंगावर येतो. गुळाचं प्रमाण बदललं, बिटर्स बदलले, संत्र्याची साल पिळून पाहिली, दुखणं तिथेच.

याच सुमारास कोल्हापूरहून धाकटे दीर आले आणि त्यांना ‘गोव्यातला तो लपवलेला बार’ दाखवायची टूम निघाली. पणजीत जुन्या घरांच्या वस्तीत आहे, एवढंच सांगते. नाव सांगितलं तर त्यांच्या लपण्याला काय अर्थ राहिला! बाहेर पाटी नाही. दर्शनी खोली जुन्या फोटो स्टुडिओसारखी सजवलेली: तिपाईवरचा लाकडी कॅमेरा, मागे रंगवलेला पडदा, त्यावर कमळांचं तळं. पडद्यामागे दार. परवलीचा शब्द बुकिंगच्या मेसेजमध्येच आलेला असतो. तो दारावरच्या पोराला सांगायचा, आणि तोही अगदी गंभीर चेहऱ्याने ऐकून घेतो.

“वहिनी, पण इथे लपवायचं कुणापासून?” भावजींनी पहिला प्रश्न टाकला. रास्त होता. येताना वाटेत किमान दहा बार उघड्यावर दिसले होते. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती म्हणून तिथे असले गुप्त अड्डे झाले. आपल्याकडे मुंबईत १९४९च्या कायद्याने बंदी आली आणि आंट्यांचे अड्डे सुरू झाले. त्यातल्या कित्येक आंट्या मूळच्या गोव्याच्याच. तिथे शोभेचं काही नव्हतं. कुणाच्या तरी राहत्या घरात पडदा ओढून बाकड्यावर बसायचं, उकडलेलं अंडं खायचं आणि पोलीस आले तर मागच्या दाराने सटकायचं. भावजींच्या पाकिटात महाराष्ट्राचा पिण्याचा परवाना अजून असतो, तो त्यांनी बारटेंडरला काढून दाखवला. त्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला असावा. फोटो काढून घेतला.

सजावटीबद्दल माझं मत फार बरं नाही. एका भिंतीवर शिकागो १९२५, दुसऱ्या भिंतीवर मुंबई १९७०, मध्ये बॅकेलाइटचा काळा फोन आणि व्हॉल्व्हचा रेडिओ. जुनं म्हणजे नेमकं कधीचं, हे एकदा ठरवावं ना! शिवाय प्रकाश इतका मंद की मेन्यू वाचायला मोबाइलची बत्ती लावावी लागते, आणि ती लावली की बॅकेलाइटची सगळी मजा गेली. दर पणजीच्या मानानेही चढे. नवरा गाडी चालवणार म्हणून सोडा-लिंबू पीत होता; त्याचंही बिल पाहून त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

मेन्यू मात्र कुणीतरी जाणत्याने लिहिलेला. अमेरिकन बंदीच्या काळातल्या पेयांत मध, लिंबू, पुदिना सढळ का, तर वाईट जिनची चव झाकायला, असं सांगतात. इथे त्याच धाटणीची बीज नीज होती, गोव्यातच बनणाऱ्या जिनची, आणि मध कमी घातलेला. बरोबरच आहे. आता जिन चांगली मिळते, झाकायचं काय? काजूची फेणी एका पेयात होती, कोकमाबरोबर. माडाची कुठेच नाही. मी विचारलं तर बारटेंडर म्हणाला, “आहे एक बाटली मागे, कोणी मागत नाही.” मग मागितली. ओल्ड फॅशन्डच सांगितलं, मुद्दाम.

आता जे पाहिलं ते सविस्तर सांगते, कारण सगळी रात्र त्यासाठीच वसूल झाली.

त्याने फ्रीजरमधून काचेसारखी स्वच्छ लादी काढली आणि लगेच हात लावला नाही. फडक्यावर ठेवून बाजूला सरकवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम करायला लागला. पृष्ठभागावरची पांढरी झाक जाऊन लादी पारदर्शक झाली तेव्हा दातेरी सुरीने वरून एक रेघ ओढली, सुरीच्या पाठीवर लाकडी दांड्याने हलकेच दोन टोले मारले, आणि तुकडा सरळ रेषेत सुटला. घाई केली असती तर लादी वेडीवाकडी तडकली असती. फ्रीजरमधल्या थंडगार बर्फाला एकदम ऊब लागली की असंच होतं. मग ढवळायच्या ग्लासात दुसरा, लहान तुकड्यांचा बर्फ. चमचा काचेला टेकवून, आवाज न करता फिरवत राहिला. माझ्या सवयीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. मध्येच थांबून चमच्याने थेंब हातावर घेऊन चाखला, पुन्हा ढवळलं. शेवटी जे आलं त्यात पहिल्याच घोटाला माडाची बोलत होती.

मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की फेणीला तो व्हिस्कीपेक्षा जास्त पाणी देतो. बस्, एवढंच. कॉकटेलची छापील व्याख्या १८०६ सालची आहे, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वर्तमानपत्रातली. तिच्यात चार जिनसा दिल्यात: दारू, साखर, पाणी, बिटर्स. पाणी तिथे घटक म्हणून मोजलेलं आहे. आपण मात्र ते बर्फाच्या मर्जीवर सोडतो. थंडीने वास दबतो, पाण्याने खुलतो. माझ्या ग्लासात थंडी आधी येत होती आणि पाणी उशिरा.

दुसऱ्या दिवशी घरी वजनकाटा काढला. मी वेर्ण्याला औषध कंपनीच्या लॅबमध्ये असते, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. ग्लास, फेणी, पाक यांचं आधी वजन, ढवळून गाळल्यावर पुन्हा वजन. फरक म्हणजे पाणी. माझ्या नेहमीच्या ढवळण्यात १५ ग्रॅमच्या आसपास पाणी जात होतं. ते २५ ग्रॅमवर नेलं की पेय साधारण २८ टक्क्यांवर येतं आणि वास पहिल्यापासून उघडतो. मात्र तेवढं ढवळेपर्यंत हात भरून येतो, म्हणून आता १० मिली थंड पाणी आधीच मोजून घालते आणि मग नेहमीइतकंच ढवळते. कुणी नाक मुरडलं तर मुरडू दे. एक लक्षात ठेवा, आपल्या दमट हवेत बर्फ बाहेर काढल्या काढल्या घामेजतो. तो ओला बर्फ तसाच टाकला तर हिशेबाबाहेरचं पाणी जातं. फडक्यावर टिपून घ्या.

स्वच्छ बर्फासाठी महागडे साचे नकोत. लहान थर्माकोलचा डबा, झाकण न लावता, पाणी भरून फ्रीजरमध्ये. बाजूंनी थंडी पोचत नाही, त्यामुळे बर्फ वरून खाली गोठत जातो आणि हवा नि गढूळपणा तळाच्या पाण्यात ढकलला जातो. तळ गोठायच्या आत काढायचा आणि उरलेलं पाणी ओतून द्यायचं. आणि कृपा करून मासळीवाल्यांचा बर्फ आणू नका. मालीमच्या जेटीवर दिसणाऱ्या लाद्या मोह पाडतात खऱ्या, पण तो बर्फ बांगड्यांसाठी आहे, पोटासाठी नाही.

ओल्ड फॅशन्ड सुटलं, पण बारमध्ये बसल्या बसल्या दुसरंच काहीतरी डोक्यात शिरलं होतं. जुन्याची एवढी हौस आहे तर शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेपाशी का थांबायचं? ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रव्यवहारात पंचचा उल्लेख १६३२ सालचा सापडतो. आणि पुढे इंग्लंडात पंचसाठी जो अरक, म्हणजे पूर्वेकडची गाळीव दारू, नावाजला गेला त्यात बटाव्हियाच्या (आजच्या जकार्ताच्या) जोडीने गोव्याचा अरक होता, माडाच्या सुरेपासून काढलेला. म्हणजे माडाची फेणी कॉकटेलच्या साच्यात बसवायची धडपड मी करते आहे, ती त्याच्याही आधीच्या साच्यात मुळातच बसलेली होती. पंच म्हणजे आंबट, गोड, दारू, पाणी आणि मसाला. पाणी भरपूर. आणि पाणीच तर तिला हवं होतं!

म्हणून सध्या दुधाचं पंच. हा प्रकार इंग्लंडात अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा. आंबट आणि दारू असलेलं मिश्रण दुधात ओतायचं, दूध फाटतं, गाळलं की पंच नितळ होतं. दुधातलं केसीन फाटताना चहातला तुरटपणा आणि रंग ओढून घेतं. फाटलेल्या दुधाच्या निवळीतली प्रथिनं मात्र गाळून पंचात उतरतात, त्याने घोट मऊसूत लागतो.

माझं आजचं प्रमाण असं: ३०० मिली माडाची फेणी, १०० मिली लिंबाचा रस, १०० मिली माडाच्या गुळाचा दाट पाक, २५० मिली कडक कोरा चहा पूर्ण निवलेला, आणि लिंबाच्या साली नि किसलेलं जायफळ, जे फेणीत रात्रभर भिजवून काढून टाकलेलं. दूध १८० मिली, पिशवीचं फुल क्रीम, न तापवता. क्रम महत्त्वाचा: दूध भांड्यात आधी, मिश्रण त्याच्यावर सावकाश. उलट केलं तर साका बारीक पडतो. टेट्रा पॅकच्या दुधाचाही बारीकच पडतो आणि कॉफीचा फिल्टर चोंदून बसतो.

तासाभराने मलमलीच्या फडक्यातून गाळायला घेतलं. पहिलं उतरलं ते गढूळ, चहात चुकून दूध पडल्यासारखं. ते फेकायचं नाही. फडक्यावर साक्याचा थर बसलेला असतो, त्याच्यावरच परत हळूच ओतायचं. तो थरच खरा फिल्टर. मग धार बंद पडते आणि थेंब लागतात. काळपट तपकिरी मिश्रण वर, आणि खाली बरणीत जमतं ते फिकट पिवळं, आरपार दिसणारं. भावजी अजून इथेच होते, म्हणाले, “वहिनी, हे पनीर टाकून देणार?” चाखा म्हटलं. चाखलं आणि मग टाकूनच दिलं.

हिशेबाने हे पंच १४ टक्क्यांच्या आसपास बसतं, त्यामुळे पाण्याची भर लागत नाही. मोठा एक तुकडा बर्फ, वर जायफळ किसून. चहाचा तुरटपणा जवळजवळ गेला, लिंबाचा आंबटपणा टोक मोडून मऊ झाला, आणि माडाचा तो किंचित खारट, ओल्या खोबऱ्याचा वास पहिल्या घोटापासून शेवटपर्यंत एकसारखा. ओल्ड फॅशन्डमध्ये जे ओढूनताणून मिळवलं ते इथे आपोआप आलं. गुळाची ती काळी, किंचित धुरकट चव मात्र दुधाने बरीच खाऊन टाकली. त्याचा मला राग आहे, कारण गूळ स्वस्त नाही.

काजूच्या फेणीवर हाच प्रयोग कुणी करणार असेल तर दूध थोडं वाढवा आणि चहा कमी करा, असं माझं अनुमान; तिचा वास मुळातच दांडगा. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या गाळणीची हलकी दारू, या कामाला घेऊ नका. तो साधारण १५ टक्क्यांचाच, चहा-लिंबू-दूध पडल्यावर त्यात उरतं काय? त्याला मार्च ते मे लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरचीच बरी.

बरणी फ्रिजमध्ये ठेवली आहे. जुन्या कृतींत दुधाचं पंच महिनोन्‌महिने टिकायचं म्हणतात, पण त्यांची दारू पुष्कळ कडक असायची. मी १४ टक्क्यांवर एवढा धीर करणार नाही. पुढच्या खेपेला जायफळाच्या जागी तिरफळ जाईल, आणि गुळाचा अर्धा पाक गाळून झाल्यानंतर घालून पाहणार, म्हणजे दुधाला तो खाता येणार नाही. रंग थोडा काळवंडेल, चालेल. लिंबाऐवजी बिंबलांचा रसही डोक्यात आहे. आंबटपणा दूध फाडायला पुरेसा आहे, प्रश्न त्या हिरवट वासाचा. कुणी बिंबलं आणि फेणी एकत्र आणली असतील तर प्रमाण कळवा. आमच्या मागच्या दाराला झाड लगडलेलं आहे.