फ्लॅटहेड उभे करताना: 1932 च्या फोर्ड रोडस्टरच्या इंजिनाचा माझा अनुभव

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे ब्लॉक बोअर करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. पुढे कॅलिफोर्नियात स्थायिक झाल्यावर पोमोना येथे दर हिवाळ्यात भरणाऱ्या ग्रँड नॅशनल रोडस्टर शोला मी नेमाने जाऊ लागलो. 1950 साली ओकलंडमध्ये सुरू झालेले आणि 2004 पासून पोमोनात भरणारे हे प्रदर्शन म्हणजे जुन्या, हाताने बदल केलेल्या उघड्या गाड्यांचे माहेरघरच. तेथे येणारे बहुतेक लोक रंगाची खोली आणि क्रोमची झळाळी पाहतात. माझी नजर मात्र बोनेट काढून ठेवलेल्या गाड्यांच्या इंजिनांवर जाई, आणि तेथील पुष्कळशा गोष्टी मला निव्वळ सजावट वाटत. तो ग्रह दूर झाला तो 1932 च्या फोर्ड रोडस्टरसाठी एक फ्लॅटहेड, म्हणजे हेडऐवजी ब्लॉकमध्ये व्हॉल्व्ह असलेले, इंजिन स्वतः उभे केल्यावर.

गाडी मला अर्धवट अवस्थेत मिळाली. चेसिस मूळची, बॉडी जुन्या पत्र्याची आणि इंजिन नाही, अशी तिची स्थिती होती. 1932 चेच मॉडेल हॉट रॉडच्या, म्हणजे जुन्या गाड्या बदलून ताकदवान करण्याच्या, छंदात एवढे पूज्य का, हे ती चेसिस गॅरेजमध्ये उघडी पडल्यावर समजते. तिच्या दोन्ही बाजू बाहेरून दिसाव्यात अशाच बेताने घडवलेल्या आहेत आणि त्यांवर दाबून उमटवलेली एक डौलदार रेघ आहे. त्यामुळे मडगार्ड काढून टाकले तरी गाडी उघडीबोडकी दिसत नाही. शिवाय व्ही-8 (चार-चार सिलिंडरांच्या दोन तिरक्या ओळींचे) इंजिन सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आणणारी पहिली फोर्ड हीच. ते पहिले इंजिन 221 घनइंच क्षमतेचे आणि 65 अश्वशक्तीचे होते.

ओळखीच्या बहुतेकांनी मला शेव्हरलेचे 350 घनइंची इंजिन बसवण्याचा सल्ला दिला. ते स्वस्त पडते, तापत नाही आणि ताकद कितीतरी जास्त देते, हे सर्व खरे आहे. तरीही मला 1946 ते 1948 या काळातील फोर्डचे 59ए हे फ्लॅटहेडच हवे होते, कारण युद्धानंतरच्या काळात भंगारवाल्याच्या अंगणातून एखाद्या तरुणाने जे उचलले असते, त्यातूनच ही गाडी उभी करायची असे मी ठरवले होते.

ब्लॉक शोधणे हा या कामाचा सर्वांत कष्टाचा भाग आहे, आणि नवख्या माणसाची फसगत होते तीही येथेच. या इंजिनात व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये, सिलिंडरच्या शेजारी असतात. आत येणारे मिश्रण दोन ओळींच्या मधल्या दरीतून येते. जळालेला वायू मात्र ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या कप्प्यांना वळसा घालत बाहेरच्या बाजूला जातो. प्रत्येक बाजूला सिलिंडर चार असूनही एक्झॉस्टची तोंडे तीनच, कारण मधल्या दोघांना एकच वाट वाटून घ्यावी लागते. एवढी उष्णता ब्लॉकमध्येच खेळत राहिल्यामुळे व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांच्यामध्ये चिरा पडतात. म्हणून या ब्लॉकची किंमत बाहेरून पाहून ठरवताच येत नाही.

जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून मी पहिला ब्लॉक आणला तो संपूर्ण इंजिनाच्या रूपात, म्हणजे आधी तो उघडणे आले. व्हॉल्व्ह, स्प्रिंग आणि गाइड हा सगळा जुडगा मधल्या दरीतून, गाइडची पकड सोडवून, एकत्रच बाहेर काढायचा असतो. वर्षानुवर्षे गंजलेले गाइड सहजासहजी सुटत नाहीत. त्यांवर गंज सोडवणारे तेल सोडून थांबणे, हलकेच ठोकणे आणि पुन्हा थांबणे याला पर्याय नाही. येथे घाई करणारा माणूस ब्लॉक फोडून बसतो.

त्यानंतर रसायनाच्या गरम टाकीत धुलाई झाली. पाण्याच्या कप्प्यांतून जो माल निघाला त्यात गंज होताच, पण ओतकामाच्या वेळी गाभ्यातील राहून गेलेली वाळू आणि तारेचे तुकडेही होते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत वावरलेल्या माणसाला ही वाळू ओळखायला वेळ लागत नाही. फ्लॅटहेड तापते म्हणून मोठा रेडिएटर आणि जास्त पात्यांचा पंखा यांवर पैसे घालणारे अनेक जण मी पाहिले आहेत. माझ्या मते त्यांपैकी निम्म्यांनी आधी ब्लॉक नीट रिकामा करून पाहावा.

धुतलेला ब्लॉक चुंबकीय तपासणीला दिला. ब्लॉकला चुंबकत्व देऊन त्यावर लोखंडाची बारीक पूड टाकली की चीर असेल तेथे ती रेघ धरून गोळा होते. बोल्टच्या छिद्रापासून पाण्याच्या छिद्रापर्यंतची लहान चीर आट्यांच्या पिना एकीला एक लागून बसवत शिवता येते. सीटपासून सिलिंडरमध्ये उतरलेली चीरही स्लीव्ह (आतून बसणारी नळी) घालून सावरता येते. पण एक्झॉस्टच्या वाटेत आतल्या भिंतीला गेलेली चीर म्हणजे ब्लॉक गेला असे समजावे. माझ्या पहिल्या ब्लॉकमध्ये नेमकी तीच निघाली. दुसरा ब्लॉक मी विक्रेत्याकडून तपासणीच्या अटीवर घेतला. त्यात पिना घालून भागेल अशा दोन किरकोळ चिरा होत्या, आणि हवेच्या दाबाच्या चाचणीतही तो उतरला.

बोअर करण्यापूर्वी सिलिंडरच्या भिंतींची जाडी ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजून घेतली, कारण ओतताना गाभा किंचित सरकला असेल तर भिंत एका अंगाला पातळ राहते. मूळचा 3 3/16 इंचांचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 3 5/16 पर्यंत वाढवला. त्यात 1949 ते 1953 च्या मर्क्युरीचा (फोर्ड कंपनीचीच दुसरी गाडी) 4 इंच स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या धावेचा, क्रँक बसवला. मूळ स्ट्रोक 3 3/4 इंचांचा असल्याने पिस्टन वरच्या टोकाला 1/8 इंच अधिक चढतो, म्हणून गजन पिनचे (पिस्टनला कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनेचे) छिद्र तेवढेच वर असलेले पिस्टन घ्यावे लागतात. क्षमता 239 घनइंचांवरून 276 वर गेली. मर्क्युरीचा क्रँक फोर्डमध्ये बसतो हा शोध कोणत्याही कारखान्याचा नाही. भंगारातले भाग एकमेकांत बसवून पाहणाऱ्या पोरांचा आहे. हिशेब पाहता या साऱ्या खटाटोपातला हा भाग मला सर्वांत देखणा वाटतो.

हेड मी ॲल्युमिनियमचे निवडले. असे वेगळे भाग बनवणाऱ्यांत विक एडलब्रॉक यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. 1938 साली त्यांनी आपल्या 1932 च्या रोडस्टरसाठी दोन कार्ब्युरेटरची मॅनिफोल्ड (मिश्रण सिलिंडरांत वाटून देणारी नळ्यांची जोडणी) बनवली आणि त्यातून पुढे एक उद्योग उभा राहिला. कॅलिफोर्नियातील म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर तेव्हा हौशी तरुण शर्यती लावत आणि त्यांचे नियमन करण्यासाठी 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली होती. एकाऐवजी दोन कार्ब्युरेटर का, याचे उत्तर स्ट्रॉमबर्ग 97 हा कार्ब्युरेटर हातात घेतला की मिळते. त्यातील 97 हा आकडा आतल्या गळ्याचा व्यास सांगतो: 0.97 इंच. एवढ्या अरुंद गळ्यातून 276 घनइंचांची भूक भागत नाही. प्रदर्शनात ज्यांच्याकडे मी दागिने म्हणून पाहत होतो, ते नळ आणि कार्ब्युरेटर असे एकेक गरज म्हणून समोर येत गेले. बोनेटच्या बाजूंना पाडलेल्या झरोक्यांचेही तेच. उष्णतेशी झगडण्याचा सर्वांत धीट प्रयत्न हॉट रॉडच्या जगातले नामवंत एड इस्केंडेरियन यांच्या फोर्ड मॉडेल टी रोडस्टरवर आहे. तीवर मॅक्सी हेड बसवून एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमधून वर हेडमध्ये नेलेले आहेत. जून 1948 च्या ‘हॉट रॉड’ मासिकाच्या मुखपृष्ठावर हीच गाडी होती.

जुळणीच्या कामात सांगण्यासारखे एवढेच, की 59ए च्या प्रत्येक हेडला 24 स्टड (हेड ब्लॉकला धरून ठेवणारे आटेदार दांडे) असतात आणि त्यांतील बरेच थेट पाण्यात उघडतात. आट्यांना सीलंट न लावता ते बसवले तर पाणी नटापर्यंत चढते. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळायचे आणि इंजिन पहिल्यांदा तापून गार झाल्यावर पुन्हा तपासायचे. पेट्रोल पंपाचा दाब अडीच पौंडांच्या आसपास ठेवला. त्याहून फार वाढला तर स्ट्रॉमबर्ग वाहू लागतात.

हे सांगितले की पुण्या-मुंबईचे मित्र हमखास विचारतात, अशी गाडी तिकडे आणता येईल का? भारतात 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतील व्हिंटेज नोंदणी मिळते, परंतु चेसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी अट आहे. मूळ स्वरूप जपणे हाही मोठा छंद आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे, पण हॉट रॉडचा जन्मच फेरफारातून होतो. 1932 ची चेसिस, 1940 च्या दशकातील ब्लॉक आणि त्यानंतरचा क्रँक हा त्या अटीपुढे दोष ठरेल. पोमोनात मात्र जाणकार माणूस वाकून पाहतो तो नेमका याच जुळणीसाठी.

पहिल्या चाचणीत इंजिन सुरू झाले तेव्हा डाव्या बाजूचे पाणी उजवीपेक्षा अधिक तापत होते. या इंजिनाला प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र पाण्याचा पंप असतो. डावीकडचा थर्मोस्टॅट अर्धवट उघडत होता. तो बदलल्यावर दोन्ही काटे 180 अंश फॅरनहाइटच्या आसपास स्थिरावले, आणि उन्हाळ्यातल्या रहदारीतही 200 च्या पुढे गेलेले नाहीत. आता काम राहिले आहे ते ब्रेकचे. 1932 च्या फोर्डचे ब्रेक सळ्यांनी ओढले जातात, आणि या इंजिनाला ते पुरे पडणार नाहीत. फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक 1939 मध्ये दिले. ते या अ‍ॅक्सलवर फारशी काटछाट न करता बसतात, म्हणून सध्या त्याच सालच्या ड्रमांच्या शोधात आहे.