जर्मनीतली थकलेली बिलं
आज दिवसभर थकलेल्या बिलांचा पाठपुरावा. इथे फ्रीलान्स वेबसाइटची कामं करणाऱ्यांनो, ‘पुढच्या आठवड्यात बघतो’वर विसंबू नका. बिलावर देय तारीख छापा. ती नसली तरी बिल मिळून ३० दिवस उलटले की कंपनी थकबाकीदार; मग जर्मन मध्यवर्ती बँकेच्या आधारभूत व्याजदरापेक्षा ९ टक्के-अंक जास्त व्याज आणि वर सरसकट ४० युरो मागता येतात. बहुतेक जण मागतच नाहीत, संकोच! तरीही दाद नसेल तर कोर्टाच्या ‘मानबेशाइड’चा (पैसे भरा अशा कोर्टाच्या नोटिशीचा) अर्ज ऑनलाइन भरा. समोरच्याला हरकतीला दोन आठवडे. हरकत आली तर रीतसर दावा, तेव्हा काम मंजूर केल्याची ईमेल हाताशी हवी. आणि हो, फिनान्झआम्टकडून (कर कार्यालयाकडून) ‘इस्ट-फरश्टॉयरुंग’, म्हणजे पैसे हाती आल्यावरच व्हॅट भरायची परवानगी, घेतलं नसेल, तर न मिळालेल्या पैशांवरचा १९ टक्के व्हॅट आधी स्वतःच्या खिशातून जातो.