आमची वाटचाल: खोक्यावरचे वॅट आणि काकांचा तंबोरा

१९९८ साली नाना पेठेत दहा बाय आठचा गाळा घेतला. तेव्हा कारटेप बसवायचा म्हणजे मारुती ८०० च्या डॅशमध्ये कॅसेटचा डेक आणि मागच्या ट्रेवर सहा बाय नऊचे दोन स्पीकर. गिऱ्हाईक विचारायचं, "वॅट किती?" आम्ही खोकं फिरवून दाखवायचो, ५० गुणिले ४. माल खपायचा.

मग सदाशिव पेठेतले एक निवृत्त काका आले, खिशात भीमसेनजींची सीडी घेऊन. नवा डेक बसवला आणि आमच्या सवयीप्रमाणे बास चढवून ठेवला. काकांनी डोळे मिटून पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "अहो, आवाज मोठा झालाय, चांगला नाही झाला. तंबोरा कुठे गेला?" मी लाउडनेस (बास आणखी फुगवणारं बटण) बंद केला, बास शून्यावर आणला. तंबोऱ्याची जवारी हळूहळू वर आली. पैसे देताना काकांनी दहा रुपयेही कमी करायला सांगितले नाहीत. पुण्यात याला शाबासकी म्हणतात.

त्यानंतर दुकानात एक फळी ठोकली. चार डेक, स्पीकरची एकच जोडी, मध्ये कुठला डेक वाजवायचा ते निवडणारा सिलेक्टर स्विच. सुरुवातीला आम्हीच फसलो, कारण जो डेक जरा जोरात वाजे तोच सगळ्यांना आवडे. मग टेस्ट टोन (एकसारखा चाचणीचा सूर) लावून, स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरून चारही डेक सारख्या व्होल्टेजवर आणायला लागलो. तसं केल्यावर भल्याभल्या महाग डेकांचा तोरा उतरला. इक्वलायझर सपाट ठेवला तर नामांकित कंपन्यांच्या डेकांत डोळे झाकून फरक सांगणारा माणूस आमच्या फळीपुढे क्वचितच उभा राहिला.

वॅटचा हिशोब आम्ही डेकच्या पाठीवरचा फ्यूज दाखवून करतो. फ्यूज १० अँपियरचा, इंजिन चालू असताना व्होल्टेज फार तर १४.४. म्हणजे १४४ वॅट आत शिरले. त्यातले साधारण निम्मे उष्णतेत जातात, उरलेले चार स्पीकरांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला १८. खोक्यावरचे ५० हा क्षणभराच्या उसळीचा आकडा.

मग जास्त पैसे मोजायचे कशासाठी? एक म्हणजे प्री-आउट, म्हणजे वेगळ्या अँप्लिफायरला (अँपला) सिग्नल देणारी डेकच्या पाठीवरची जागा. वेगळा अँप लावणार असाल तर २ ऐवजी ४ व्होल्टच्या प्री-आउटचा डेक घ्या, अल्टरनेटरची (इंजिनावरच्या वीजनिर्मात्याची) स्पीकरमधली कुंई कमी ऐकू येते. अँप लावायचाच नसेल तर ते पैसे पाण्यात. दुसरं टाइम अलाइनमेंट, आणि हे माझ्या फार आवडीचं. ड्रायव्हरला उजवा स्पीकर जवळचा, म्हणून त्याचा आवाज मिलिसेकंदाच्या हिशोबात मागे ठेवायचा. नीट जमलं की गायक दारातून उठून डॅशच्या मधोमध येऊन बसतो.

सगळंच शहाणपणाने केलं असं नाही. २०१९ मध्ये माझ्या हट्टापायी बिननावाच्या तीस अँड्रॉइड स्क्रीन उचलल्या. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत त्या हँग व्हायच्या. रिव्हर्स कॅमेऱ्याचं चित्र येईपर्यंत गाडी लावून माणूस खाली उतरलेला असायचा. अकरा परत आल्या, सप्लायर फोन उचलेना, पैसे आम्ही आमच्या खिशातून दिले. धाकटा भाऊ महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

आता बऱ्याच गाड्यांत स्क्रीन मुळातच येते. कॅमेरा, स्टीअरिंगची बटणं सगळी तिच्यात गुंतलेली, म्हणून आम्ही तिला हात लावत नाही. कपलर (मूळ प्लगात बसणारा जोड) लावून, एकही वायर न कापता, तिच्या स्पीकरच्या वायरींतून सिग्नल घेतो आणि डीएसपी अँपला, म्हणजे आवाज डिजिटल पद्धतीने नीट करणाऱ्या अँपला, देतो. वीस हजार घेऊन आलेल्याला आधी पुढच्या दारांत कंपोनंट स्पीकर (बारीक आणि जाड आवाजाचे वेगवेगळे) आणि पत्र्याची थरथर दाबणारी डॅम्पिंग शीट सांगतो. निम्मे लोक तरीही मोठी स्क्रीनच मागतात. देतो, पण फळीपुढे उभं केल्याशिवाय नाही.

शनिवारी सकाळी फळी मोकळी असते. येताना ओळखीचं गाणं सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर आणा, ब्लूटूथवर तुलना आम्ही करू देत नाही.