सरांची वही आणि जहाजावरची रेड वाइन

आलिशान क्रूझच्या भाड्यातच वाइन आणि इतर पेये धरलेली असतात, त्यांचे वेगळे बिल येत नाही, एवढे आता नागपुरातल्या बहुतेक ग्राहकांना ठाऊक असते. ही वाइन कोणत्या दर्जाची असते, हे मात्र बुकिंग करताना सहसा कोणी विचारत नाही. धरमपेठेतल्या माझ्या क्रूझ-बुकिंगच्या कार्यालयात हा प्रश्न गांभीर्याने विचारला गेला तो प्रवास आटोपल्यावर, तक्रारीच्या रूपाने, आणि त्या तक्रारीचा निवाडा माझ्या मनात अजून झालेला नाही.

तक्रारदार रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. ते आणि त्यांच्या पत्नी सप्टेंबरात बार्सिलोनाहून रोमच्या चिविताव्हेक्किया बंदरापर्यंत, सुमारे सहाशे प्रवाशांच्या जहाजावरून दहा रात्रींचा प्रवास करून आले होते. ऑक्टोबरच्या भर उन्हात सर कार्यालयात आले, पाणीसुद्धा न घेता त्यांनी एक आखीव वही टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे आधी नीट वाचा, मग बोलू." वहीत प्रत्येक रात्रीसाठी एक पान होते : वाइनचे नाव, द्राक्षाची जात, पिकाचे साल, कोणत्या रेस्टॉरंटमध्ये प्यायली, दहापैकी गुण, फोनवरच्या ॲपमध्ये दिसलेला बाजारभाव आणि वाइनचे तापमान. तापमान मोजण्यासाठी सरांनी घरून स्वयंपाकाचा सळईवाला थर्मामीटर नेला होता. मी स्वतः काही वर्षे अशाच जहाजांवर वाइन स्टुअर्ड, म्हणजे टेबलावर वाइन देणारा, म्हणून काम केले आहे, पण तापमानाची नोंद ठेवणारा प्रवासी मी तोवर पाहिला नव्हता.

सरांचा पहिला मुद्दा किमतीचा होता. दोघांचे मिळून इतके लाख रुपये मोजल्यावर टेबलावर येणारी रेड वाइन स्पेनच्या दुकानात नऊ युरोंना मिळते, ही फसवणूक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा मुद्दा मला तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही. आपल्याकडे परदेशी वाइनवर वर्षानुवर्षे दीडशे टक्के सीमाशुल्क लागत आले; डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेला करार लागू झाल्यापासून तिथल्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांना सवलत मिळाली, तो एक अपवाद. त्यामुळे चांगली वाइन म्हणजे महाग वाइन, असे समीकरण नागपुरात पक्के बसले आहे. स्पेनमध्ये किंवा दक्षिण फ्रान्समध्ये नऊ-दहा युरोंत उत्तम, प्रामाणिकपणे बनवलेली वाइन मिळते, आणि जहाज तर ती घाऊक भावात, बहुधा करमुक्त मालाच्या साठ्यातून उचलते. बाटलीवरच्या किमतीवरून तिच्यातल्या वाइनविषयी निवाडा देता येत नाही, हे मी सरांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले आणि वहीतल्या गुणांवर बोट ठेवले. दहा रात्रींपैकी सहा रात्री रेड वाइनला पाचपेक्षा कमी गुण होते.

इथे ही व्यवस्था कशी चालते ते सांगणे भाग आहे, कारण आमच्याच धंद्यातले कित्येक जण व्हॉट्सॲपवर 'अनलिमिटेड प्रीमियम ड्रिंक्स' अशी जाहिरात टाकतात आणि त्या प्रीमियममध्ये काय येते हे त्यांनाही माहीत नसते. मोठ्या, गर्दीच्या जहाजांवर पेयांचे पॅकेज वेगळे विकत घ्यावे लागते आणि त्यात एका ग्लासच्या किमतीवर मर्यादा असते. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन व बिअर भाड्यातच मिळते. सिल्व्हरसी, सीबोर्न, रीजंट सेव्हन सीज यांसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर बारसुद्धा भाड्यात धरलेला असतो. सरांच्या जहाजाचे नाव मी देत नाही. ते या शेवटच्या वर्गातले होते, एवढे पुरे.

अशा जहाजावर वाइनचे साधारणतः तीन थर असतात. वाइन स्टुअर्ड हातात घेऊन फिरतो ती त्या दिवसाची ठरलेली एक व्हाइट आणि एक रेड, हा पहिला थर. दुसऱ्या थरातल्या वाइनही भाड्यातच येतात, पण त्या कोठारात असतात आणि नाव घेऊन मागितल्याशिवाय टेबलावर येत नाहीत. तिसऱ्या थरात पैसे मोजून घ्यायच्या नामांकित बाटल्यांची यादी असते. पहिल्या थराची खरेदी मुख्य कार्यालयातून, सगळ्या जहाजांसाठी एकदम होते. सहाशे प्रवाशांनी रात्रीच्या जेवणाला सरासरी दोन-दोन ग्लास घेतले तर बाराशे ग्लास होतात. ७५० मिलीच्या बाटलीतून पाच ग्लास निघतात, म्हणजे २४० बाटल्या, म्हणजे बारा बाटल्यांची वीस खोकी एका संध्याकाळी संपतात. एवढा पुरवठा वर्षभर करणे लहान द्राक्षबागायतदाराला शक्यच नसते. म्हणून पहिल्या थरात मोठ्या कारखान्यांची, चवीला एकसारखी, कोणाला फारशी न खटकणारी वाइन येते. तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये, पण ती दहापैकी तीन गुणांचीही नसते.

मग तीन गुण का पडले? सरांनी वही तारखेप्रमाणे लिहिली होती. मी ती लेबलप्रमाणे वाचायला घेतली, कारण आठवडाभरात त्याच त्या बाटल्या फिरून येतात हे मला माहीत होते. टेम्प्रानियो जातीच्या द्राक्षांची स्पेनची एक रेड तीन वेळा आली होती. पहिल्या रात्री मुख्य डायनिंग रूममध्ये तिला चार गुण होते आणि तापमान २४ अंश. पाचव्या रात्री वरच्या मजल्यावरच्या लहान रेस्टॉरंटमध्ये तिला सात गुण मिळाले होते आणि तापमान १८ अंश होते. आठव्या रात्री डेकवर उघड्यावर जेवण होते, तिथे तीन गुण, २५ अंश. लेबल तेच होते आणि सालही तेच.

मी जहाजावर होतो तेव्हा हे रोज डोळ्यांसमोर घडत असे. तळघरातल्या कोठारात रेड वाइन नीट थंड ठेवलेली असते, तिथे चूक होत नाही. संध्याकाळचा कोटा मात्र दुपारी तीनच्या सुमारास ट्रॉलीवरून वर येतो, कारण नंतर लिफ्ट जेवणाच्या सामानासाठी लागते. तो उतरवला जातो सर्व्हिस स्टेशनवर, कॉफी मशीनच्या आणि प्लेट गरम ठेवायच्या कपाटाच्या शेजारी. बाटल्या तिथे पाच-सहा तास उभ्या राहतात. रेड वाइन सोळा ते अठरा अंशांवर द्यावी हे प्रत्येक प्रशिक्षणात शिकवले जाते. पंचविसाच्या आसपास गेली की अल्कोहोल आधी नाकात चढते, फळाचा गंध मागे पडतो आणि घोट ढिला लागतो. व्हाइटची गत उलटी होते : ती बर्फाच्या पाण्यात इतकी वेळ बुडवून ठेवतात की चार-पाच अंशांवर तिचा गंध बंद होतो, आणि चवच कळत नसल्यामुळे कोणी तक्रार करत नाही. याहून वाईट प्रकार म्हणजे जेवणाच्या आधीच्या बैठकीत आम्हाला मिळणारी सूचना : दुपारच्या उघडलेल्या बाटल्या आधी संपवा. सात-आठ तास उघड्या राहिलेल्या आणि उबेत ठेवलेल्या बाटलीचा पहिला ग्लास कोणाच्या वाट्याला जातो हा निव्वळ नशिबाचा भाग असतो. याला मी स्टुअर्डला दोष देत नाही. शंभर-सव्वाशे पाहुण्यांमागे एक माणूस असेल तर तो थर्मामीटर पाहील की ग्लास भरेल? दोष तिथे माणसे कमी ठेवणाऱ्यांचा आहे आणि एका लहानशा वाइन चिलरची जागा वाचवणाऱ्यांचा आहे.

हे सगळे सरांना सांगितल्यावर त्यांचा राग कमी होईल, असे मला वाटले होते. त्यांनी शांतपणे सांगितले, "तीन निरीक्षणांवरून निष्कर्ष काढत नाहीत. प्रयोग करावा लागेल."

प्रयोग त्यांच्या प्रतापनगरच्या घरी, रविवारी संध्याकाळी झाला. सरांकडे मद्यसेवनाचा परवाना होता. नाशिकच्या द्राक्षांच्या एकाच शिराझ रेड वाइनच्या, एकाच सालच्या तीन बाटल्या त्यांनी आणल्या होत्या. एक फ्रिजमधून काढून १७ अंशांपर्यंत येऊ दिली होती, दुसरी दिवसभर ओट्याजवळ ठेवली होती आणि ती २६ अंशांवर होती, तिसरी आदल्या दुपारी उघडून तशीच बूच लावून ठेवली होती आणि तीही आता १७ अंशांवर आणली होती. सरांच्या पत्नी, म्हणजे काकू, वाइन घेत नाहीत, म्हणून परीक्षेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. स्वयंपाकघरात दार लावून त्यांनी सहा ग्लास भरले, प्रत्येक बाटलीचे दोन, तळाशी कागदाच्या चिकटपट्टीवर खुणा केल्या आणि क्रम बदलून ट्रे बाहेर आणला. ग्लास साबणाऐवजी नुसत्या गरम पाण्याने धुतले आहेत, हे सरांनी दोनदा विचारून घेतले. मग ते प्रत्येक ग्लास हुंगून, घोट तोंडात फिरवून, मधे पोळीचा कोरडा तुकडा खाऊन गुण लिहीत गेले. वीस मिनिटे घरात कोणी बोलले नाही.

काकूंनी खुणा वाचल्या. १७ अंशांच्या ताज्या बाटलीच्या दोन्ही ग्लासांना सात, २६ अंशांच्या ग्लासांना चार आणि साडेचार, आदल्या दिवशीच्या बाटलीला तीन आणि साडेतीन. सरांनी कागद दोनदा पाहिला, थर्मामीटरची सळई पुसून डबीत ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे वाइन चांगली होती आणि त्यांनी ती बिघडवून मला दिली. ही तर आधीपेक्षा मोठी तक्रार झाली जी."

मी हे ऐकून थांबलो. मला वाटत होते की मी कंपनीची बाजू मांडतो आहे : खरेदी वाईट नाही, चूक होते ती हाताळणीत. पण सरांनी माझ्याच पुराव्यावरून उलटा आणि मला अधिक बरोबर वाटणारा निष्कर्ष काढला होता. स्वस्त माल घेतला असता तर तो धंद्याचा हिशेब म्हणून एक वेळ समजून घेता आला असता. चांगला माल आणून तो कॉफी मशीनशेजारी उभा करणे म्हणजे पाहुण्याला ते कळणार नाही, असे गृहीत धरणे आहे.

तेव्हा काकूंनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी वहीत नव्हती. नवव्या रात्री शेजारच्या टेबलावर, त्या कंपनीच्या जहाजांवर वारंवार येणाऱ्या एका जोडप्याला वेगळीच रेड मिळाली, डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतून, आणि तीही भाड्यातच. सरांनी स्टुअर्डला विचारले तेव्हा उत्तर मिळाले की त्यांनी मागितली होती. सर त्यावर काही बोलले नाहीत आणि टेबलावरचीच वाइन प्यायले. नावडली तर दुसरी मागा, नाव घेऊन मागा, हे मी प्रत्येकाला निघण्यापूर्वी सांगतो, आणि सरांनाही सांगितले होते. त्यांचे उत्तर मला आठवते : पानात वाढलेले नावे न ठेवता खावे, असे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. आपल्या माणसांना परदेशी पंगतीत हे वळण नडते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. मोठ्या आवाजात मागणाऱ्याला दुसरा थर मिळतो आणि संकोचाने बसलेल्याला दुपारची बाटली. भाडे दोघांचे सारखेच. "आणि माझ्या भाड्याचे काय?" काकूंनी विचारले. त्यांनी दहा रात्री लिंबू-सोडा आणि अननसाचा रस घेतला होता. त्यांच्या भाड्यातही तीच वाइन धरलेली होती, आणि न पिणाऱ्याला त्यातली दमडीही परत मिळत नाही. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते आणि आजही नाही.

सरांनी पत्र लिहिले, सोबत वहीतली तापमाने आणि रविवारच्या प्रयोगाचा तक्ता जोडला. ते मी कंपनीच्या भारतातल्या विक्री प्रतिनिधीमार्फत पाठवले. उत्तर तीन आठवड्यांनी आले. आमच्या वाइन तज्ज्ञ निवडतात, आपल्याला त्या पसंत पडल्या नाहीत याचा खेद आहे, पुढच्या प्रवासासाठी सोबतची सवलत स्वीकारावी. तापमानाचा त्यात उल्लेखच नव्हता. सवलतीची रक्कम क्षुल्लक नव्हती, तरी सरांनी ती नाकारली. "मी निवडीबद्दल लिहिलेच नाही. प्रश्न वाचून उत्तर लिहा, असे मी विद्यार्थ्यांना चाळीस वर्षे सांगत होतो," एवढेच ते म्हणाले. मला मात्र सवलत घ्यावी असे वाटत होते, आणि त्यावरून आमचे थोडे वाजलेही.

त्यानंतर मी ग्राहकांना एक छापील पान देऊ लागलो. पहिल्याच संध्याकाळी हेड सोमेलियरला, म्हणजे जहाजावरच्या मुख्य वाइन जाणकाराला, भेटा आणि भाड्यात येणाऱ्या वाइनची पूर्ण यादी मागा. रेड कोमट वाटली तर पाच-सात मिनिटे आइस बकेटमध्ये ठेवायला सांगा, त्यात कोणाचाही अपमान होत नाही. व्हाइट बकेटबाहेर टेबलावर ठेवून घ्या. बाटली आपल्यासमोर उघडायला सांगा. डिसेंबरात निघणाऱ्या एका जोडप्याने हे पान वाचून मला विचारले की एवढे पैसे भरून पुन्हा हे सगळे आम्हीच करायचे का. सरांचेही तेच म्हणणे आहे. हे पान पाहुण्याच्या हाती देऊन मी कंपनीचे काम पाहुण्यावर ढकलतो आहे, असे ते म्हणतात, आणि ते पान कंपनीकडे पाठवा, असा त्यांचा आग्रह आहे. मी ते पाठवले आहे, तापमानाच्या तक्त्याच्या दुसऱ्या प्रतीसह. ग्राहकांना देणे मात्र मी थांबवलेले नाही, कारण सरांचे म्हणणे बरोबर असले तरी त्या जोडप्याला डिसेंबरात वाइन प्यायची आहे.